चार महिन्यांची लढाई, ऐंशी वर्षांचं मौन: हॅरी पॅच यांचं प्रकरण

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना माजी सैनिकांच्या आठवणी टिपायला पाठवायचं म्हणजे आधी प्रश्नावली आली. आमच्या प्रश्नावलीत बरीच वर्षं पहिलाच प्रश्न होता, ‘लढाईतला कायमचा लक्षात राहिलेला प्रसंग सांगा.’ तो मीच घातलेला. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात एकाहत्तरची लढाई केलेल्या एका हवालदारांना मी स्वतः तो विचारला. ओसरीवर घरची सगळी माणसं गोळा झालेली, सून दारात उभी, नातू मोबाईल रोखून बसलेला. आबांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, “धारेची वेळ झाली,” म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले. दुपारचे दोन वाजले होते. भर दुपारी दोनला धार काढणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही.

त्या दिवशीच्या टिपणात मी लिहिलं, ‘बोलायची इच्छा नाही.’ हे टिपण चुकीचं होतं, हे मला कळलं ते पहिल्या महायुद्धात लढलेल्या, इंग्लंडमधल्या एका प्लंबरच्या आयुष्यावरून. त्यांचं प्रकरण मी आता दरवर्षी वर्गात घेते. इथे ते सविस्तर मांडते आहे, कारण ‘लढलेल्या माणसांना लढाईबद्दल बोलायचं असतं का’ या प्रश्नाची आपण जी दोन ठरीव उत्तरं देतो, ‘त्यांना बोलायचंच नसतं’ आणि ‘बोललं की मोकळं वाटतं’, ती दोन्ही या माणसाला लागू पडत नाहीत.

चार महिने

हॅरी पॅच यांचा जन्म १७ जून १८९८ चा, बाथ शहराजवळच्या कूम डाउन गावातला. वडील पाथरवट. शाळा सुटल्यावर हॅरी प्लंबरच्या हाताखाली काम शिकू लागला. (एकोणीस वर्षांच्या पोराला ‘तो’ म्हणते आहे, शंभरीतल्या आजोबांना ‘ते’ म्हणेन. मराठीची ही सोय या प्रकरणात फार कामाची आहे, कारण इथे खरोखर दोन माणसं आहेत आणि दुसरा पहिल्याबद्दल सांगतो आहे.) थोरला भाऊ आधीपासून फौजेत होता, मॉन्सच्या लढाईत जखमी झाला होता. खंदकात काय चालतं ते त्याने धाकट्याला सांगितलं, आणि हॅरीची हौस तिथेच फिटली. म्हणजे त्या घरातला एक सैनिक बोलला होता, आणि त्याच्या बोलण्याचा परिणामही झाला होता. हे पुढे लक्षात ठेवायचं आहे.

हॅरी आपण होऊन भरती झाला नाही. १९१६ साली ब्रिटनने सक्तीची भरती सुरू केली, त्याला अठरा पुरी झाली आणि ऑक्टोबरमध्ये बोलावणं आलं. १९१७ च्या जूनमध्ये तो फ्रान्सला पोचला. ड्यूक ऑफ कॉर्नवॉल्स लाइट इन्फंट्रीची सातवी पलटण, काम लुईस गनवर. ही मशीनगन पाच जणांची टोळी चालवायची. एक जण गोळ्या झाडणार, दुसरा सुटे भाग घेऊन त्याच्या शेजारी पडून राहणार आणि गन अडकली की मोकळी करणार, बाकी तिघं दारूगोळा वाहून आणणार. हॅरी दुसरा. पाइप आणि सांधे जोडणाऱ्या पोराला फौजेनेही हाताच्या कसबाचंच काम दिलं.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्याला अंघोळ मिळाली नाही, अंगावरचे कपडे बदलायला मिळाले नाहीत. उवा, उंदीर, चिखल. या पाच जणांनी आपसात एक ठरवलेलं होतं की शक्यतो माणूस मारायचा नाही, खाली पायांवर नेम धरायचा. फौजेच्या कुठल्याही नियमात न बसणारा हा करार त्यांनी पाळलाही.

१६ ऑगस्ट १९१७ रोजी बेल्जियममधल्या लांगमार्क गावावर हल्ला झाला. पाशेंडेल या नावाने जी मोठी मोहीम ओळखली जाते, तिचाच हा भाग. पुढे जाताना त्यांना कॉर्नवॉलचा एक शिपाई पडलेला दिसला, खांद्यापासून कमरेपर्यंत फाटलेला. तो म्हणाला, मला गोळी घाल. हॅरीचा हात पिस्तुलाकडे जाईपर्यंत तो गेला. शेवटचा शब्द ‘आई’. हॅरीने पुढे नेहमी सांगितलं की त्या हाकेत दुखणं नव्हतं. समोर कुणी अनपेक्षितपणे दिसावं तसा तिच्यात आनंद होता.

त्याच लढाईत एक जर्मन संगीन रोखून त्यांच्यावर चालून आला. हॅरीने पिस्तुलाने त्याच्या खांद्यावर गोळी मारली. रायफल पडली, तरी तो येतच राहिला. विचार करायला चार-पाच सेकंद. हॅरीने घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या वर गोळी घातली आणि त्याला पाडलं, मारलं नाही. जर्मन काहीतरी ओरडला, ते कुणाला कळलं नाही.

आणि २२ सप्टेंबर. रात्री साडेदहाच्या सुमाराला टोळी पुढच्या फळीतून मागे येत होती. वर तोफेचा गोळा फुटला. दारूगोळा वाहणारे तिघं जागीच गेले, पुरायलाही काही उरलं नाही. हॅरीच्या ओटीपोटात लोखंडाचा तुकडा घुसला. भूल द्यायला औषध नव्हतं, चौघांनी हातपाय धरले आणि डॉक्टरने तो तुकडा काढला. आठवण म्हणून ठेवतोस का, असं डॉक्टरने विचारलं. हॅरी नको म्हणाला. तिघं गेल्याचं त्याला नंतर समजलं.

संपलं. १९१७ च्या नाताळाच्या तोंडावर तो इंग्लंडला परत आला आणि पुन्हा आघाडीवर गेला नाही. त्याच्या महायुद्धाची एकूण लांबी जेमतेम चार महिने.

ऐंशी वर्षं

१९१८ च्या सप्टेंबरमध्ये त्याने एडाशी लग्न केलं. दोन मुलगे झाले. प्लंबरचं काम पुन्हा सुरू झालं. ब्रिस्टलमधल्या विल्स मेमोरियल इमारतीच्या उंच मनोऱ्याच्या कामावर तो काही वर्षं होता. दुसऱ्या महायुद्धात बाथवर बॉम्ब पडले तेव्हा अग्निशमन दलात त्याने आगी विझवल्या. १९६३ साली निवृत्त झाला. एडा १९७६ साली गेली.

या अठ्ठावन्न वर्षांच्या संसारात त्याने बायकोला लांगमार्कबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. मुलांना नाही, मित्रांना नाही. युद्धपट पाहिले नाहीत. माजी सैनिकांच्या मेळाव्यांना गेला नाही. पोटावरचा व्रण तेवढा घरात होता.

इथे वाचणाऱ्याच्या तोंडी लगेच निदान येतं, आघातानंतरचा मानसिक विकार, टाळणं हे त्याचं एक लक्षण. हे निदान मानसोपचाराच्या अधिकृत पुस्तकात १९८० साली आलं, हॅरी पॅच तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. मी वर्गात या निदानाला बंदी घालते. एक तर ज्याला तपासलं नाही त्याच्यावर शिक्का मारायचा नसतो. दुसरं म्हणजे हा माणूस पंचेचाळीस वर्षं उंच इमारतींवर चढून शिशाचे सांधे जोडत होता, रात्री आगी विझवत होता, घर चालवत होता. न बोलणं हेच त्याचं दुखणं होतं असं म्हणायला आपल्या हातात काही नाही.

उलट त्या मौनाला एक शिस्त होती असं दिसतं. ११ नोव्हेंबरला सगळा ब्रिटन लाल फुलं छातीला लावून दोन मिनिटं उभा राहतो. पॅच यांचा स्मरणाचा दिवस तो नव्हता. त्यांचा दिवस २२ सप्टेंबर. त्या दिवशी ते गप्प, आपल्याशी असत. आपल्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाची तिथी पाळतात, तशी त्यांनी या तिघांची पाळली. फक्त पान वाढलं नाही आणि कुणाला बोलावलं नाही. टोळीतल्या त्या पोरांबद्दल पुढे बोलले तेव्हा ते म्हणत की रात्रंदिवस बरोबर, असेल ते वाटून घ्यायचं, काहीही बोलता यायचं त्यांच्याशी. काहीही बोलता येईल अशी माणसं एका रात्रीत गेली, तर पुढे बोलायचं कुणाशी, हा प्रश्न मला ‘विकार’ या शब्दापेक्षा जास्त खरा वाटतो.

कपाटातला दिवा

नव्वदी ओलांडल्यावर पॅच इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या वेल्स या छोट्या शहरात, फ्लेचर हाउस या वृद्धनिवासात राहायला गेले. त्यांच्या खोलीसमोर चादरी-टॉवेलांचं कपाट होतं. रात्री कामावरची बाई कपाट उघडून दिवा लावी, आणि अर्धवट झोपेत असलेल्या पॅच यांच्या डोळ्यांवर तो उजेड एकदम येई. तोफगोळा फुटल्याचा तोच झगझगाट. ऐंशी वर्षांनी बावीस सप्टेंबरची रात्र एका बटणावर परत येत होती.

या तपशिलापाशी मी दरवेळी थांबते. ज्याने ऐंशी वर्षं स्वतःवर ताबा ठेवला त्याला हरवलं कशाने, तर चादरीच्या कपाटातल्या बल्बने. त्या कामवाल्या बाईला कधी कल्पना तरी आली असेल का? वृद्धांच्या घरात काम करणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट या प्रकरणातून उचलली तरी पुष्कळ. माणूस काय टाळतो ते तो सांगत नाही. पण कुठल्या आवाजाला दचकतो, कुठल्या बाजूला तोंड करून झोपतो, हे बघणाऱ्याला दिसतं.

याच सुमारास, १९९८ साली, युद्ध संपल्याला ऐंशी वर्षं होत होती आणि बीबीसी त्यावर माहितीपट करत होतं. हयात सैनिक शोधणाऱ्यांनी पॅच यांना गाठलं. त्यांचं वय शंभर. ते बोलले.

का बोलले? त्यांनी दिलेलं कारण साधं होतं, आता फार थोडे उरले आहेत. मला यात आणखी एक गोष्ट दिसते, ती माझी समजूत म्हणून घ्यावी. शंभराव्या वर्षी, ज्यांच्यासाठी गप्प बसायचं अशी माणसं राहिली नव्हती. एडा नव्हती. त्या तिघांचे आईबाप कधीच गेले होते. ‘तुमचा मुलगा कसा गेला?’ असं विचारायला येणारं कुणी नव्हतं, आणि त्याचं खरं उत्तर ऐकून मोडून पडणारंही कुणी नव्हतं. सैनिकाचं मौन नेहमी स्वतःला जपण्यासाठी नसतं. पुष्कळदा ते ऐकणाऱ्याला जपण्यासाठी असतं. थोरल्या भावाने खंदकाचं वर्णन केलं तेव्हा ऐकणाऱ्यावर काय परिणाम होतो, हे हॅरीने स्वतःवरूनच पाहिलेलं होतं.

हे एकट्या पॅच यांचं नाही. हेन्री ॲलिंगहॅम हे त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे, नौदलाच्या हवाई शाखेत होते. त्यांनाही युद्ध विसरायचं होतं. माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या एका माणसाने चिकाटीने पाठपुरावा केला, तेव्हा शंभरी उलटून गेल्यावर ते शाळांमधून बोलू लागले. दोघंही २००९ च्या जुलैमध्ये गेले, ॲलिंगहॅम १८ तारखेला वयाच्या एकशे तेराव्या वर्षी, पॅच २५ तारखेला एकशे अकराव्या वर्षी.

बोलले ते काय आणि कुणाशी

पुढच्या अकरा वर्षांत पॅच यांच्या असंख्य मुलाखती झाल्या, आत्मकथन आलं, पदकं आली. सगळ्या मुलाखती एकापुढे एक ठेवल्या तर एक गोष्ट दिसते. प्रसंग तेच पाच-सहा. ‘आई’ म्हणून गेलेला शिपाई, गुडघ्यावर गोळी खाल्लेला जर्मन, ते तिघं, भुलीविना काढलेला तुकडा. आणि दोन भटके कुत्रे, खंदकाबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात एका बिस्किटासाठी जिवाच्या आकांताने भांडणारे, ज्यांच्याकडे बघून एकोणीस वर्षांच्या पोराला वाटलं, की आपण दोन शहाणे देश तरी वेगळं काय करतो आहोत.

काही अभ्यासक अशा ठरलेल्या गोष्टींना नाक मुरडतात. सांगून सांगून गुळगुळीत झाल्या, त्यात आता जिवंत आठवण उरली नाही, म्हणतात. मला तसं वाटत नाही. चार महिन्यांतून त्यांनी पाच-सहा प्रसंग निवडले आणि बाकीचं झाकलेलंच ठेवलं. बोलायला लागलेला माणूस सगळं बोलतो ही आपली भाबडी समजूत आहे. पॅच बोलत होते तेव्हाही बरंचसं गप्पच होते, आणि ते त्यांच्या हक्काचं होतं.

दुसरी गोष्ट, लोकांना हवं होतं ते त्यांनी दिलं नाही. ब्रिटनला एक शेवटचा टॉमी, म्हणजे त्या महायुद्धातला साधा ब्रिटिश शिपाई, हवा होता, व्हीलचेअरवरचा, छातीवर पदकं, डोळ्यांत पाणी. पॅच बसले व्हीलचेअरवर, आणि म्हणाले की युद्ध म्हणजे कायद्याच्या आडोशाने केलेली कत्तल. राजकारण्यांनी स्वतः बंदुका घेऊन आपसात मिटवायला हवं होतं. ११ नोव्हेंबरच्या सरकारी समारंभाला त्यांनी ‘शो बिझनेस’ म्हटलं. तरी २००८ साली त्या समारंभाला ते गेले. माणूस असा असतो, त्याला एका खणात कोंबू नये.

हे वाचताना मला आपल्याकडच्या पंधरा ऑगस्टची आठवण होते. झेंडावंदन झालं की गावातल्या माजी सैनिकाला स्टेजवर बोलावतात, शाल-श्रीफळ देतात आणि माईक तोंडासमोर धरून म्हणतात, “आता तात्या दोन शब्द बोलतील.” तात्या दोनच शब्द बोलतात, “जय हिंद.” टाळ्या पडतात. तात्यांना बोलायचं नव्हतं असं यावरून म्हणता येत नाही. त्या माईकपुढे, त्या नारळानंतर, जय हिंदशिवाय दुसरं काय बोलायला जागा होती?

पण या सगळ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती २००४ सालची भेट. पाशेंडेलला जर्मन बाजूने लढलेले शार्ल कुएंट्झ तेव्हा हयात होते, अल्सासचे (हा प्रांत युद्धाच्या वेळी जर्मनीत होता, आता फ्रान्समध्ये आहे), वय १०७. पॅच १०६ चे. कुएंट्झ यांनी अल्सासची बिस्किटं आणली, पॅच यांनी सॉमरसेटच्या सफरचंदांची सायडर दिली. दोघांची भाषा एक नव्हती. मग लढाईत मेलेल्यांच्या दफनभूमीला दोघांनी बरोबर भेट दिली.

जो बायकोशी अठ्ठावन्न वर्षांत एक शब्द बोलला नाही, तो शत्रूशी एका दुपारी कसा बोलला? बायकोला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, चिखल म्हणजे कसा, वास कसला, तिघं कोण. कुएंट्झना काहीच सांगावं लागत नव्हतं. माजी सैनिक पलटणीच्या मित्रांशी तासन्तास बोलतात आणि घरात मुके होतात, ही आपल्याकडच्या बायकांची जुनी तक्रार आहे. “सीएसडी कँटीनच्या लायनीत बघा कसे हसत असतात,” असं एका सुभेदारीणबाईंनी मला सांगितलं होतं. घरातल्यांवर माया नसते म्हणून नाही. घरातल्यांशी बोलायचं म्हणजे आधी भाषांतर करायचं, आणि त्या भाषांतरातच अर्धा जीव जातो.

रिव्हर्स यांचे दोन रुग्ण

बोलून मोकळं झालं की बरं वाटतं, हे आता मानसशास्त्र न शिकलेलाही म्हणतो. हॅरी पॅच खंदकात होता त्याच काळात हा प्रश्न एका डॉक्टरला पडला होता. एडिनबर्गजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स मनाने खचलेल्या अधिकाऱ्यांवर उपचार करत. त्या वेळचा सर्रास सल्ला होता, विसरा, विषय काढू नका, आनंदी गोष्टींचा विचार करा. रिव्हर्स यांनी १९१८ च्या फेब्रुवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की दिवसभर दाबलेलं रात्री स्वप्नात उसळून येतं, तेव्हा त्याकडे तोंड करून पाहू द्यावं.

पण त्यांचे रुग्ण नीट वाचायला हवेत. एका अधिकाऱ्याला आपल्या मित्राचं छिन्नविच्छिन्न शरीर सापडलं होतं, तेच रोज रात्री दिसे. रिव्हर्स यांनी त्याला दाखवून दिलं की शरीराची ती अवस्था म्हणजे मित्र क्षणात गेला, तळमळला नाही. त्या माणसाला धरायला काहीतरी मिळालं. स्वप्नं बदलली, तो सुधारला. दुसरा अधिकारी स्फोटाने फेकला जाऊन एका जर्मन प्रेताच्या फुटलेल्या पोटात तोंडावर पडला होता. त्या आठवणीला सोसता येईल अशी बाजूच नव्हती. रिव्हर्स यांनाही सापडली नाही. इथे बोलण्याचा उपयोग झाला नाही. त्या माणसाला फौज सोडून खेड्यातल्या मोकळ्या हवेत राहायला जाऊ द्यावं लागलं.

हे दोन रुग्ण शेजारी ठेवले की पॅच यांच्या गोष्टी वेगळ्या दिसतात. कॉर्नवॉलच्या शिपायाच्या ‘आई’ला त्यांनी सोसण्याजोगी बाजू स्वतःच शोधली होती, ती आनंदाची हाक होती ही. जर्मनाच्या बाबतीतही होती, आपण मारलं नाही. या दोन गोष्टी ते सहज सांगत. त्या तिघांच्या मरणाला मात्र अशी बाजू नव्हती. त्यासाठी त्यांनी एक तारीख राखून ठेवली होती. कुठल्या आठवणी बोलण्याच्या आणि कुठल्या तिथी पाळण्याच्या, हे त्यांनी कुणा डॉक्टरशिवाय वेगळं काढलं होतं असं मला वाटतं.

बोलायला लावण्याचा उत्साह किती अंगाशी येतो याचाही पडताळा पुढे झाला. १९८० नंतर अपघात, स्फोट, चकमक झाली की लगेच सगळ्यांना बसवून एकदाच ‘मोकळं करायची’ पद्धत जगभर पसरली. विसावं शतक संपता संपता झालेल्या अभ्यासांच्या आढाव्यात दिसलं की अशा एकाच बैठकीने पुढचा विकार टळत नाही, आणि सक्तीने तर हे करूच नये. ब्रिटनच्या आरोग्य-मार्गदर्शनानेही २००५ साली ही पद्धत सरसकट वापरू नका असं सांगितलं.

आपल्याकडची वजाबाकी

त्याच महायुद्धात मराठी माणसं किती होती हे शाळेत फारसं शिकवत नाहीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेली सहावी डिव्हिजन पुण्याची. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमारा इथे तुर्कांनी वेढा घातला, १४७ दिवस उपासमार झाली, घोडे मारून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सगळ्यांनी शरणागती पत्करली. त्यानंतर वाळवंटातून कैद्यांची पायपीट. त्यातून वाचलेले काही जण सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या आपापल्या गावांत परतले, शेती केली, नातवंडं खेळवली आणि गेले.

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने १९७२ साली ध्वनिमुद्रणाचा विभाग सुरू केला, म्हातारे सैनिक हयात असताना. आपल्या गावांत त्या युद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत, चावडीवर, देवळाच्या भिंतीत. त्यांच्यावर दोन आकडे असतात, या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पहिल्यातून दुसरा वजा केला की परत आलेल्यांची संख्या निघते. ती पाटीवर कोरत नाहीत. हॅरी पॅच आणि कुतहून आलेला शिपाई या दोघांत मला बोलण्याच्या इच्छेचा फरक दिसत नाही. एकाच्या दारात शंभराव्या वर्षी तरी कुणी विचारायला आलं, एवढाच फरक.

पॅच यांची अंत्ययात्रा ६ ऑगस्ट २००९ रोजी वेल्सच्या कॅथीड्रलमध्ये झाली. त्यांच्या इच्छेप्रमाणे तिथे शस्त्र आणायला मनाई होती. शवपेटीबरोबर बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनीचे सैनिक चालले, निःशस्त्र.

हवालदार आबांकडे मी दुसऱ्यांदा गेले ती एकटी, विद्यार्थी आणि कागद न घेता. या वेळी खरोखर धारेची वेळ होती. गोठ्यात उभी राहिले आणि एवढंच विचारलं, “आबा, तुमच्या तंबूत कोण कोण होतं?” धार काढता काढता त्यांनी सांगितलं, अमका वाईचा, तमका चंदगडचा, एक कुडाळचा, तो मासळीशिवाय जेवायचा नाही; एक जण रोज बायकोला पत्र लिहायचा आणि टाकायचं विसरायचा. सहा जणांची नावं झाली. तंबूत आठ जण असतात हे मला ठाऊक होतं. मी मोजलं नाही असं दाखवलं. चरवी भरली, आबा उठले, म्हणाले, “पुढच्या खेपेला ये बाई, घाई नको.”

प्रश्नावलीतला पहिला प्रश्न मी काढून टाकला आहे. त्या जागी आता तंबूचा प्रश्न आहे.